डावा अभय, उजवा अभय

त्याला सगळे डावा म्हणत, पण तो काही डावखुरा नव्हता. शाळेत एकाच वर्गात एकाच नावाची आणि एकाच आडनावाची दोन मुलं आली, तेव्हा मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि खिडकीकडच्या बाकावरच्याला डावा अभय, भिंतीकडच्याला उजवा अभय करून टाकलं. पुढे बाक बदलले, शाळा सुटली, दोघांच्याही डोक्यावरचे केस गेले, तरी ती नावं चिकटली ती चिकटलीच.

दोघं चुलतभाऊ. घर एक, जिना एक, आजोबाही एकच. त्या आजोबांचं नाव अभय होतं आणि सगळ्या भांडणाचं मूळ तेच.

आजोबांचं बाजाराच्या तोंडाशी काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोवरच्या काचा. ते गेले तेव्हा घरातल्या दोन्ही सुना पोटुशी होत्या. धाकटीला आधी मुलगा झाला आणि धाकट्या भावाने लगोलग बापाचं नाव त्याला देऊन टाकलं. थोरला दवाखान्याच्या पायरीवरच त्याला आडवा आला.

"ते नाव माझ्या मुलासाठी आहे. मी थोरला."

"तुला मुलगाच होणार कशावरून? आणि नाव काय तुझ्या बापाचं आहे?" धाकटा चिडून बोलून गेला.

"आहेच," थोरला म्हणाला.

थोड्याच दिवसांत थोरल्यालाही मुलगाच झाला आणि त्याने हट्टाने तेच नाव ठेवलं. हा आपला डावा. म्हणजे नाव त्याचं, पण मिळालं दुसऱ्याने वापरून झाल्यावर, अशी त्याच्या आईची समजूत होती आणि ती तिने त्याला दुधाबरोबर पाजली. "तुझं नाव त्यांनी पळवलं," असं ती त्याचे केस विंचरताना म्हणायची आणि पळवलं या शब्दाला कंगवा जरा जोरात ओढला जायचा.

नावाचा अर्थही दोन्ही घरांत वेगळा होता. डाव्याचे वडील सांगत की आजोबा जन्मले त्या दिवशी शेजारच्या गोदामाला आग लागली होती. घरभर धूर, मोठी माणसं रडत होती आणि हे पोर मात्र टकामका बघत होतं. भय नाही म्हणून अभय. उजव्याच्या वडिलांची गोष्ट निराळी. आजोबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. हे जन्मलं तेव्हा सुईण पणजीला म्हणाली, घाबरू नका, हे जगेल. तिने अभय दिलं म्हणून अभय.

मुलांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "दोन्ही बरोबर. आपल्याला भीती नसणं म्हणजे अभय, आणि दुसऱ्याला भिऊ नकोस म्हणणं म्हणजेही अभय." इतका समंजस निवाडा दोघांनाही मानवला नाही. मधल्या सुट्टीत मारामारी झाली, त्यात उजव्याची कोपरं सोलवटली आणि डाव्याचा पुढचा दात अर्धा तुटला. तो त्याने पुढे कधीच नीट करून घेतला नाही. कोणी विचारलं तर दात दाखवून सांगे, "भावाची आठवण."

वडील मंडळी गेली आणि दुकान या दोघांकडे आलं. त्यांनी पहिलं काम केलं ते मधोमध प्लायवूडची भिंत घालण्याचं. डावीकडे डावा, उजवीकडे उजवा, तेवढं बरं जुळून आलं. बोर्ड मात्र दोन्हीकडे तोच, 'अभय ग्लास'. बोर्ड रंगवणाऱ्याने भीतभीत विचारलं होतं, निदान रंग तरी वेगळा घेऊ का? दोघांनीही निळाच घ्यायला लावला, कारण आजोबांचा निळा होता.

डावा कामात चोख होता, पण तोंडाने फटकळ. आपण कोणाच्या बापाला भीत नाही, हे तो गिऱ्हाइकाला काच मोजायच्या आधीच कळवून टाकायचा. खिडकीचं माप चुकीचं आणलंस म्हणून त्याने एका सुताराला दुकानाबाहेर काढलं होतं. उजवा पडला गोड. येईल त्याला म्हणायचा, "काळजी करू नका, मी आहे ना." हे वाक्य प्लायवूडमधून ऐकू आलं की डाव्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण तोच उजवा गिऱ्हाइकाच्या कानाला लागून हेही सांगायचा की शेजारच्या आरशात माणसाचं तोंड जरा वाकडं दिसतं.

एकदा चौकातल्या न्हाव्याने उजव्याकडे मोठा आरसा सांगून ठेवला आणि न्यायला आला तो चुकून डावीकडे शिरला.

"अभय ग्लास ना?"

"हो."

"माझा आरसा तयार झाला का?"

"फुटला," डावा म्हणाला आणि हातातली काच कापत राहिला.

न्हावी हळहळत गेला आणि दुसऱ्या बाजारातून आरसा घेऊन आला. उजव्याला हे कळलं. त्याने तो न विकलेला आरसा उचलला आणि रस्त्याच्या कडेला असा तिरका उभा केला, की सकाळचं ऊन त्यावर पडून थेट डाव्याच्या डोळ्यांत जावं. डाव्याने गोणपाट लावलं. उजव्याने आरसा सरकवला. डाव्याने काळा चष्मा आणला आणि काळ्या चष्म्याने काच कापताना अंगठा चिरून घेतला. पुढचं सबंध वर्ष तो आरसा तिथे होता.

मग कुठल्याशा मालिकेत अभय नावाचा नायक आला. तो देखणा होता, आईचं ऐकायचा आणि रोज संध्याकाळी कोणाला तरी संकटातून सोडवायचा. बघता बघता ज्याच्या त्याच्या घरी अभय जन्मायला लागले. रस्त्यात एखादी आई हाक मारी, "अभय, नाकातलं बोट काढ," आणि प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना दोन टकली डोकी एकदम वर होत. एकदा तर दोघांची नजरानजर झाली. दोघांच्याही तोंडावर तोच वैताग होता. ते लक्षात येताच डावा घाईघाईने आत वळला. उजव्याशी एवढ्या बाबतीत मत जुळावं, हेही त्याला सोसलं नाही.

उजवा गेला तो भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. प्लायवूडपलीकडून त्याच्या बायकोची हाक आली, मग पळापळ झाली आणि डॉक्टर येऊन गेले. डावा आपल्या दुकानात उभा होता. जावं की नाही हे त्याला ठरवता येईना. तो ठरवत असतानाच फोन वाजू लागला, कारण मोबाइलवर गावभर निरोप फिरला होता की अभय ग्लासवाले अभय गेले.

पहिला फोन फर्निचरवाल्याचा, 'अभय ग्लास' नावाचे दोन्ही नंबर जवळ असल्यामुळे उजव्याऐवजी चुकून इकडे लागलेला. दोघा भावांचा आवाज फोनवर अगदी सारखा यायचा.

"काय ऐकतोय मी? डावा गेला म्हणे?"

डाव्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाईट झालं, म्हणायचं आपलं. पण तुमच्यापुरतं बोलायचं तर कटकट गेली. उभा जन्म पाण्यात पाहिलं हो त्याने तुम्हाला."

"हो," डावा म्हणाला. "गेली कटकट." आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या फोनवर एका बाईंनी विचारलं की त्यांनी डावीकडे दिलेली तसबीर आता परत मिळेल ना. तिसरा फोन त्याने उचललाच नाही. तेवढ्यात न्हावी तोंड पाडून धावत आला, डावीकडे शिरला, समोर डाव्याला धडधाकट उभा पाहून थबकला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही आहात होय." त्याला आपली निराशा लपवता आली नाही. लगेच ओशाळून तो शेजारी गेला आणि तिथे मोठ्याने रडला. डाव्याने ते रडणं उभ्याउभ्या ऐकलं. न्हाव्याचा राग करावा, तर बोट उलटून आपल्याकडेच वळत होतं, हे त्याला कळत होतं. तरी तो रागच करत राहिला. त्याला तेवढंच येत होतं.

संध्याकाळी बायकोने बखोट धरून त्याला खाली उजव्याच्या घरी नेलं. "लोक काय म्हणतील ते राहू दे. मी काय म्हणेन ते ऐक," ती म्हणाली. तिथे आजोबांची धाकटी बहीण, सगळ्यांची आत्याबाई, भिंतीला टेकून बसली होती. कान गेलेले, पण जीभ शाबूत. कोणीतरी उगाच तिच्या कानाशी मोठ्याने विषय काढला की बिचाऱ्याने आजोबांचं नाव राखलं.

"ते तरी कुठे आमचं होतं," आत्याबाई म्हणाली.

"म्हणजे?" डाव्याने विचारलं. ऐकू जावं म्हणून त्याला ते ओरडून विचारावं लागलं.

"आई सांगायची, शेजाऱ्यांच्या मुलाचं नाव होतं ते. गोरागोमटा मुलगा, चुणचुणीत. आमच्या आईला फार आवडायचा. मग तिला मुलगा झाला तर तिने तेच नाव ठेवून दिलं. केवढं भांडण झालं होतं. त्या शेजारणीने आमच्याशी बोलणं टाकलं, आमचं नाव चोरलं म्हणाली. विहिरीवरही तोंड फिरवायची."

"आणि आग? गोदामाची आग?"

"कसली आग? आपल्या शेजारी गोदाम कधी होतं?"

"सुईण?" उजव्याच्या मुलीने कोपऱ्यातून ओरडून विचारलं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"सुईण यायच्या आधीच झाला तो."

डाव्याला आपली आई आठवली आणि आपल्या डोक्यावरून फिरणारा तिचा कंगवा. पणजीच्या वेळची ती शेजारीण कोण, कुठली, तिचे नातू कुठे असतील, याचा तो उगाच विचार करत बसला. मग त्याला वाटलं की हे उजव्याला ऐकायला मिळायला हवं होतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. इतक्या वर्षांत भावाशी बोलावं असं पहिल्यांदाच वाटलं, तेही त्याला चिडवायला.

दुखवटा सरला आणि उजव्याच्या मुलीने दुकान उघडलं. डावा जाऊन तिच्या दारात उभा राहिला.

"बोर्ड उतरव. आता अभय एकच आहे."

ती टेबलावर काच पुसत होती. तिने मानही वर केली नाही. "आत्याबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना, काका? ते नाव तुमचंही नाही. त्या शेजाऱ्यांना शोधा. ते उतरव म्हणाले तर उतरवते."

"बापावर गेलीस."

"बाबा म्हणायचे, मी तुमच्यावर गेले म्हणून."

डावा तणतणत वकिलाकडे गेला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं, आजोबा, आत्याबाई, शेजारीण, आणि शेवटी विचारलं की यात मी नेमकं कोणाविरुद्ध लढायचं. डाव्याने त्यालाही दोन शब्द सुनावले आणि परत आला. दोन्ही बोर्ड राहिले.

मग काचेची गाडी आली. मोठे तक्ते एकट्याने उतरवता येत नाहीत. आजवर ते दोघे भाऊ उतरवत, एक अक्षर न बोलता, कारण गडी ठेवला तर तो कोणाच्या बाजूचा, यावरून वाद होता. डावा गाडीपाशी एकटाच उभा राहिला. गाडीवाला घाई करू लागला. पुतणी बाहेर आली. तिने बापाचे हातमोजे चढवले होते, ते तिला ढगळ होत होते. तिने दुसरं टोक धरलं.

"आधी डावा पाय," तो गुरकावला.

"माझा की तुमचा?"

"तुझा. आणि कमरेत वाक, पाठीत नको. बापाने एवढंही शिकवलं नाही?"

"शिकवलं. तुम्ही उलटं करता, हेही सांगितलं."

तक्ता दुकानापर्यंत शाबूत गेला. पुढचेही गेले. मध्येच ती थांबली, ढगळ मोजे वर ओढले आणि म्हणाली, "तुमचा वेग फार आहे." तो म्हणाला, "तुझा फारच कमी आहे." शेवटचा तक्ता भिंतीला टेकवून दोघं आपापल्या दारात गेली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाहीत. घरी आल्यावर बायकोने विचारलं, पोरीला जमलं का. डावा हात धुवत म्हणाला, "काच पकडायची अक्कल नाही तिला." मग पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "तिला मोजे लहान मापाचे आणायला सांग. माझं नाव घेऊ नकोस."