नखाने मोडलेले ठिपके

ब्रेलचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून उठतो. नातीने एकदा विचारलं, "आजोबा, तुम्ही अंध मुलांच्या शाळेत होता ना? तिथलं सांगा." मी तिला आवारातल्या विहिरीचं सांगितलं, पंगतीचं सांगितलं, गाण्याच्या तासाला तबला कसा फुटला तेही रंगवून सांगितलं. सांगायला हवं होतं ते मात्र ठेवून दिलं. अशी बरीच वर्षं गेली. आता अक्षर हलतं, तरी वाचता येण्यासारखं आहे. तेवढ्यात लिहून टाकतो.

पन्नासच्या दशकात मी अमरावतीला एका लहानशा अंधशाळेत शिकवत होतो. मला डोळे होते, मुलांना नव्हते. लोखंडी पाटीत जाड कागद अडकवायचा, टोचणीने ठिपके पाडायचे, कागद उलटून बोटाने वाचायचं, हे मी तिथेच शिकलो. मराठी ब्रेलची अडचण अशी की प्रत्येक मात्रा, प्रत्येक वेलांटी वेगळी जागा घेते. डोळसांचं बोटभर जाडीचं पुस्तक ब्रेलमध्ये उतरवलं की त्याचं गाठोडं होतं. आणि जाड कागद मिळायचा कुठे? जुनी कॅलेंडरं, कापड दुकानातले पुठ्ठे, जे हाती येईल ते आम्ही वापरायचो.

इंग्रजीत नेहमीच्या शब्दांना आखूड खुणा आहेत, हे मला कळलं होतं. मराठीत तसं काही नव्हतं. मग मी स्वतःच करायला बसलो. 'आणि'साठी एकच खूण, 'म्हणून'साठी एक, 'होता'साठी एक. सहा ठिपक्यांच्या जुळण्या त्या किती, त्यातल्या बहुतेक अक्षरांनीच अडवलेल्या. उरलेल्यांत सगळी भाषा बसवायची. मला त्याचं वेड लागलं. भाजी घेताना, सायकल चालवताना डोक्यात ठिपकेच असायचे. मी त्याला आखूड ब्रेल म्हणायचो.

ते मनापासून शिकला एकच माणूस. दर्यापूरकडच्या एका खेड्यातला, लहानपणी देवी येऊन डोळे गेलेला. विद्यार्थी म्हणून आला आणि पुढे लहान मुलांना सांभाळायला शाळेतच राहिला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटा असेल. मॅट्रिक झालास तर तुला शिक्षक करू, असं शाळेच्या चालकांनी त्याला सांगितलं होतं. त्याला तेवढंच हवं होतं. पण मॅट्रिकची पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. दुपारच्या जेवणानंतर आम्ही व्हरांड्यात बसायचो. मी इतिहास वाचायचा, नागरिकशास्त्र वाचायचं आणि तो आखूड ब्रेलमध्ये टोचत जायचा. त्याचा हात इतका चालायचा की मला वाचताना थांबावं लागायचं नाही. माझी युक्ती खरंच कामाला येते हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो, आणि मला फार बरं वाटायचं.

चूक इथेच झाली. मला चैन पडेना. एखादी खूण दुसरीसारखी लागते, बोट फसतं, असं वाटलं की मी ती बदलायचो. 'म्हणून'ची खूण 'तरी'ला द्यायचो, 'म्हणून'ला नवी शोधायचो. मग तो जुनी पानं काढायचा, नखाने ठिपके दाबून सपाट करायचा आणि शेजारी नवे पाडायचा. कागद वाया घालवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पण दाबलेला ठिपका पुरता जात नाही. बोटाखाली बारीकसा उंचवटा राहतोच.

"गुरुजी," तो एकदा म्हणाला, "तुमचं ब्रेल म्हंजे आमच्या गावची पांदण हाये. दर पावसाळ्यात वाट बदलते."

"वाट चांगली होत चालली आहे ना?"

"चांगली होऊन राहिली, पण मी घरी कवा पोचू?"

आम्ही दोघंही हसलो. नंतर तो म्हणाला, "आता हे पक्कं हाये, असं एक डाव सांगून द्या. मंग मी जीव लावून लेहितो." मी म्हणालो, एवढा पावसाळा जाऊ दे. सगळ्या खुणा एका जागी लिहून ठेवायचंही मी असंच पुढे ढकलत राहिलो. उद्या बदलणारच आहेत, मग आज कशाला लिहायच्या?

पुढे काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. मला ते नकोसं झालं. भांडण नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. एका उन्हाळ्यात पाटी हातात घेतली की ती लगेच खाली ठेवावीशी वाटायला लागली. घरी दोन वर्षांची मुलगी होती. बायको एकदा जेवण वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या लेकीले डोये हायेत चांगले. म्हणूनच तुमचं तिच्याकडं ध्यान जात नाई वाटते." अकोल्याला एका शाळेत जागा निघाली तशी मी अर्ज केला, आणि नेमणूक झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं.

निघताना मी त्याला म्हणालो, "यापुढे हे तूच सांभाळ."

"मी काय सांभाळू गा, गुरुजी? निम्म्या खुणा तुमच्या डोस्क्यात हायेत."

"मी येत जाईन की."

"येजा," तो म्हणाला.

मी गेलो नाही. अकोल्याला जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या. नवी शाळा, डोळस मुलं, खडू, फळा. अमरावती काही लांब नव्हती, पण रविवार आला की काहीतरी निघायचंच.

परीक्षा जवळ आली तेव्हा तोच आला. एसटीतून एकटा, पाठीवर पानांचं गाठोडं, विचारत विचारत दारापर्यंत. बायकोने चहा दिला. त्याने एक पान काढून माझ्या हातात दिलं. "हे पाहा. इतं 'म्हणून' हाये का 'तरी' हाये? माही बोटं दोन्ही सांगतात."

मी पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. मोडलेले ठिपके, नवे ठिपके, पुन्हा मोडलेले. ही माझीच खूण होती आणि मला ती ओळखू येईना. दुसरं पान घेतलं. तिथेही तेच. कुठल्या साली काय बदललं होतं, काहीच आठवेना. तो माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून थांबला होता.

"कोणाकडून तरी पुस्तक वाचून घे ना," मी शेवटी म्हणालो.

"रोज वाचून कोण देते, गुरुजी? म्हणून तं लेहून ठेवलं होतं."

हे सगळं ठेव बाजूला, मी सुट्टी काढून येतो, पुन्हा वाचून दाखवतो, तू साध्या ब्रेलमध्ये लिही. एवढं म्हणता आलं असतं. ते माझ्या मनात आलंही होतं, हे मी लपवत नाही. पण पुन्हा तो व्हरांडा, ती पाटी, तो टोचण्याचा आवाज मला नको होता. मी म्हणालो, "असेल काहीतरी. अंदाजाने घे." त्याने पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि गाठोडं बांधलं. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत त्याने माझ्या मुलीची चौकशी केली.

तो नापास झाला, हे मला तिथल्या एका जुन्या सोबत्याकडून कळलं. पुढे त्याला शाळेच्या खुर्च्या विणायच्या खोलीत घेतलं, हेही कळलं.

काही वर्षांनी एका लग्नासाठी अमरावतीला गेलो, तेव्हा शाळेतही गेलो. काय बोलायचं ते रस्त्यात मनाशी जुळवलं होतं. तो जमिनीवर बसून वेत ओढत होता. आवाजावरून त्याने मला लगेच ओळखलं.

"बसा गुरुजी. त्या खुर्चीवर नोका बसू, ओली हाये."

मी स्टुलावर बसलो. "वाचन चालतं का काही?" असं विचारून बसलो.

त्याने हात पुढे केला आणि माझी बोटं धरून स्वतःच्या बोटांच्या टोकांवरून फिरवली. कातडं टणक झालं होतं, बैलाच्या खांद्यासारखं. "वेतानं असं होते," तो म्हणाला. "आता ठिपका लागत नाई. पोट्टे वाचतात, मी आयकतो." आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं पडलं असतं.

मी त्याचा हात सोडला नाही. बोलायची वेळ हीच होती. दर वर्षी मी खुणा बदलल्या त्या तुझ्यासाठी नाही, मला त्यात गोडी होती म्हणून. तुझी वर्षं त्यात गेली. मला थकवा आला तेव्हा मी उठून जाऊ शकलो, तुला जाता आलं नाही. आणि त्या दिवशी अकोल्याला मी नुसतं "येतो" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. माझं चुकलं, मला माफ कर. हे सगळं ओठांशी आलं होतं.

"वीण घट्ट आली आहे," मी म्हणालो.