टोपीवाली संगीन

रशियातल्या तुला शहरात, जुन्या लष्करी वस्तूंच्या रविवारच्या बाजारात अर्काडी सावेलिचचं टेबल शेवटून दुसरं. शेवटचं रोदिओनचं. रोदिओन आरडाओरडा करून विकायचा, अर्काडी गप्प बसून बघायचा. संगीन समोर आली की आधी तो तिचा वास घ्यायचा, मग मुठीजवळचे ठसे भिंगाखाली धरायचा. बाण असलेला तारा म्हणजे तुलाचा कारखाना, बाण असलेला त्रिकोण म्हणजे इझेव्स्कचा, आणि वर्तुळातलं अक्षर म्हणजे तपासनिसाची खूण.

"हा तारा मागच्या मंगळवारी जन्मलाय," तो शांतपणे म्हणायचा, आणि गिऱ्हाईक जाब विचारायला रोदिओनकडे वळायचं.

"अर्काडीकाका, तुमच्या जिभेला कुलूप लावायला काय घ्याल?" रोदिओन ओरडायचा. "इथे पोटं आहेत लोकांना!"

पण बाजारात भांडण झालं की तोच सांगायचा, "जा, म्हाताऱ्याला दाखवा. तो खोटं बोलत नाही. जमतच नाही त्याला."

मे महिन्यातल्या एका सकाळी क्लाव्दिया येगोरोव्ना आली. पासष्टीची, ओदोयेवकडच्या खेड्यातली, पायात रबरी बूट. तिने टॉवेलची गुंडाळी उलगडली. आत मोसिन बंदुकीची चौधारी संगीन होती, तीसुद्धा टोपीवाली. नेम धरायच्या खुंटीवर बसणारी ही टोपी थोड्याच संगिनींना असायची. आता तर वर्षावर्षात एखादी दिसते.

"ह्यांच्याकडून घेतली," तिने मानेने रोदिओनला दाखवलं. "गाय विकून. माझ्या वडिलांच्या फोटोत अशीच आहे. बेचाळीस साली बेपत्ता झाले. त्याआधी जखमी झाले होते, तेव्हा त्यांची लष्करी पुस्तिका एक सोबती घरी देऊन गेला. तीत बंदुकीचा नंबर आहे. संगिनीवरही तोच असतो म्हणे?"

"असतो."

"आईच्या शेजारी जागा राखलीय. दगडावर दोघांची नावं आहेत, पण त्यांच्या बाजूला पुरायला काहीच नाही. हिच्यावरचा नंबर जुळला, तर हीच ठेवीन. तुम्ही फक्त हो की नाही सांगा, अर्काडी सावेलिच."

तिच्या पाठीमागून रोदिओन डोळे मिचकावत, मान वरखाली करून 'हो, हो' सांगत होता. शेळीने पाला मागावा तसा.

अर्काडीने संगीन भिंगाखाली धरली, मग भिंग पुसून पुन्हा धरली. जुना नंबर घासून गुळगुळीत केला होता. शेजारी नवा नंबर होता, त्यातल्या सातच्या पोटावर ओळखीची आडवी रेघ. आणि बाजूला वर्तुळातलं ते बारीक अक्षर. त्याचं स्वतःचं.

तरुणपणी तो शस्त्रांच्या दुरुस्ती आगारात होता. युद्धातून परतलेल्या बंदुका धुवायच्या, कोणाच्याही बंदुकीला कोणाचीही संगीन जोडायची, आणि दोन्हींवर एकच नंबर घालायचा. नियम असा होता की जुन्या आकड्यावर फक्त एक रेघ मारायची, म्हणजे तो वाचता येतो. पण घासून टाकलं तर काम लवकर उरकायचं. फोरमन म्हणायचा, "शाबास, स्वच्छ!" भिंतीवरच्या मानाच्या फलकावर अर्काडीचा फोटो लागला होता.

त्याने टेबलाखालून आम्लाची बाटली काढली. ठसा मारताना पोलाद आतपर्यंत दबतं. वरून घासलं तरी आतला दाब राहतो. आम्ल लागलं की ते ओलं असेपर्यंत जुना आकडा वर येतो, पाण्याखालून चेहरा यावा तसा.

"तुमचा नंबर वाचा," तो म्हणाला.

"चष्मा विसरले. तुम्हीच बघा." तिने कागद पुढे केला. ४७१८३.

पोलाद काळवंडलं. चार वर आला. सात आला. एक आला. रोदिओनसुद्धा वाकून बघू लागला. मग पाच आला. आणि दोन.

अर्काडीने कागदाकडे बघितलं. "चार, सात, एक, आठ, तीन," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांचीच."

क्लाव्दिया येगोरोव्नाने कागद परत घेतला.

"अहो, मी चष्मा विसरलेय, डोळे नाही," ती म्हणाली. "शेवटचे दोन आकडे तुम्ही कागदावरून वाचलेत."

ओला डाग सुकत चालला होता. अर्काडीने मान खाली घातली.

"पाच आणि दोन आहेत. घासले ते मी. हा ठसा माझा आहे."

"अशा किती घासल्यात?"

"दिवसाला दोनशे."

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

तिच्या तोंडून शिवी येईल असं त्याला वाटलं, यावी असंही वाटलं. तिने टॉवेलची घडी घातली, संगीन मात्र टेबलावरच राहू दिली.

"ताई, विकलेला माल परत घेत नाही हं!" रोदिओन घाईने म्हणाला.

"तुला देतंय कोण, मेल्या?" ती त्याच्याकडे न वळताच म्हणाली. मग अर्काडीला, "परक्या पुरुषाला आईच्या शेजारी कसा निजवू? त्याचीही बायको कुठेतरी जागा राखून बसली असेल. तुम्हीच पुसलात ना याला? मग तुम्हीच सांभाळा." आणि रबरी बूट फटक फटक वाजवत ती बसथांब्याकडे गेली.

"काका, गायीच्या दुप्पट देतो!" रोदिओन कुजबुजला. "टोपीवाली आहे, वेड्यासारखं करू नका."

अर्काडीला बाजाराचा आवाजच येत नव्हता. पोलादाखालून चेहरे वर येत होते आणि सुकत होते, दिवसाला दोनशे.

पुढच्या रविवारपासून त्याच्या टेबलावर ती एकच वस्तू असायची. पुढ्यात पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत ४७१५२. येणारेजाणारे थबकायचे, टोपी बघून त्यांचे डोळे चमकायचे.

"केवढ्याला, आजोबा?"

"विकायची नाही."

"मग मांडलीय कशाला?"

"घरी कोणाच्या जुन्या कागदांत हा नंबर आहे का," अर्काडी सावेलिच म्हणायचा, "तेवढं बघून सांगता का?"