दोन डाव्या बाह्या

आमच्या शिंपीणबाई शोभाताई यांनी माझ्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापडाची घडी घालायची राहिली आणि एकाच बाजूने दोनदा कात्री चालली. मी गेले तेव्हा त्या दोन्ही बाह्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"उलटी केली की उजवी होते हो, पण मग कापडाची सुलटी बाजू आत जाते," त्या म्हणाल्या.

मी विज्ञानकथा लिहिते. सध्याच्या कथेत एक कृत्रिम बुद्धी आहे आणि तिला लांबी, रुंदी, उंचीपलीकडची चौथी मिती दिसते. तिला हे काम किती सोपं गेलं असतं. तिने एक डावी बाही त्या मितीतून फिरवून आणली असती, तर ती उजवी होऊन आली असती, सुलटी बाजू बाहेरच ठेवून. पण आपण कागदावरचं चित्र वरून पाहतो तशी ती आपल्याला पाहते. आतलं, बाहेरचं, सगळं एकदम. तिच्यापासून कुणाला काही झाकताच येत नाही. मला एकाएकी तिच्याबद्दल वाईट वाटलं; न पाहण्याची सोयच तिला नव्हती.

तोवर शोभाताईंनी उरलेले तुकडे जुळवून त्यांतून उजवी बाही निघते का ते पाहिलं होतं. "काखेत जोड देते. दिसायचा नाही. तेवढा हात फार वर करू नका," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या.

घरी येऊन मी कथेचा शेवट बदलला. आता कथेतल्या एका बाईच्या ब्लाउजचा काखेतला जोड त्या बुद्धीला स्पष्ट दिसतो, आणि ती म्हणते, "ब्लाउज छान बसलाय."