टायमिंगच्या पांढऱ्या खुणा

टायमिंगची साखळी उतरवण्याआधी गिअरवर नेलपॉलिशने पांढरी खूण करायची, ही आमच्या माणगावच्या गॅरेजची जुनी पद्धत. आज बाटलीचं झाकण उघडलं, तो वास नाकात शिरला आणि इब्राहिमचाचांची ती दुपार आठवली.

चाचा माझे उस्ताद. त्या दिवशी एका जीपचं इंजिन बांधताना कॅमशाफ्टचं टायमिंग बसवून ते नमाजला गेले. मी सहज वाकून पाहिलं, तर कॅमच्या गिअरवरची खूण एक दाता पुढे होती. तसंच चालू केलं असतं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच मोडलं असतं. पण उस्तादांनी बसवलेलं टायमिंग दुसऱ्याने तपासायचं नाही, असा आमचा रिवाज. मी घाईघाईने गिअर एक दाता मागे घेऊन साखळी पुन्हा चढवली आणि हात पुसून बाजूला झालो.

चाचा आले. इंजिन आधी हाताने फिरवलं, मग चालू केलं. काय गोड वाजत होतं ते! चाचा गालात हसले.

"तुझी चाची डोले तपासा म्हणून मागं लागलीय. सांग तिला, माझ्या डोल्यांना काय बी झालं न्हाय."

"सांगतो, चाचा."

संध्याकाळी मी चाचीला खरंच तसं सांगितलं.

पुढे साखरेने दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले. "जरा आधी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

आता चाचा गॅरेजच्या दारात स्टुलावर बसतात. त्या जीपचं टायमिंग आपण कसं अचूक बसवलं, ते गिऱ्हाइकांना सांगतात आणि माझ्या दिशेने तोंड वळवून विचारतात, "खरं ना रे?"

मी मान हलवतो. ती त्यांना दिसत नाही, आणि तोंडाने हो म्हणणं मला जमत नाही.