विहिरीचा तळ
साल एकोणीसशे सत्तावन्न, मी चोवीस वर्षांचा. जळक्या तेलाचा वास आला की त्या फाल्गुनातली आमची चाकणजवळची विहीर डोळ्यापुढं येते. कांदा पोसत होता, त्याला शेवटचं पाणी द्यायचं होतं. ते चुकलं असतं तर सगळं पीक वाया गेलं असतं. बैलांच्या मोटेनं चार दिवस लागायचे, म्हणून मी हट्टानं मामांचं ऑइल इंजिन बैलगाडीत घालून आणलं. वडील म्हणाले, "आपल्या बैलांचं काय वाईट चाललंय?" मी म्हणालो, "आबा, बैल दमत्यात. ह्ये दमत न्हाई." इंजिन धडधडलं, पाटातून पाणी धो धो पळालं, अन् दुपारी निम्मा कांदा भिजायच्या आतच पाईप नुसता फुसफुसायला लागला. वाकून बघतो तर विहिरीचा तळ! गाळात आमची कधीकाळी पडलेली पितळी कळशी चमकत होती. तेच शेत, तीच विहीर. मग पाणी गेलं कुठं? इंजिन प्यालं का काय? वडील काठावर बसून म्हणाले, "बैल दमायचं, आपण त्यास्नी सोडायचो. तवर झरं विहीर भरायचं." माझ्या डोक्यात काही शिरेना. खरं सांगतो, अजूनही पुरतं शिरलेलं नाही, पण तसं मी कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत कमरेएवढं पाणी चढलेलं दिसलं. मी गुपचूप बैल मोटेला जुंपले. "का रं, इंजिन?" वडिलांनी विचारलं. "दमलंय," मी म्हणालो.