पायावरचं वजन

सगळ्यात आधी हानाताईचं नाव लिहिते. पुढचं वाचून तुम्ही मला वेडी म्हणाल, हसाल, काहीही म्हणाल... पण सई आज जिवंत आहे ती हानाताईमुळे. एवढं तरी पक्कं खरं आहे, बाकीचं तुम्हीच ठरवा.

हानाताई फिनलंडची. तिकडे ती लहान मुलांना पोहायला शिकवते. आमच्या अनाथ मुलांच्या संस्थेत काही महिन्यांसाठी स्वयंसेविका म्हणून आली होती, कुणी न बोलावता, स्वतःचं तिकीट काढून.

आता माझं सांगते. या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी रोज फोनवर वाचते. मुलं झोपली की तेवढाच विरंगुळा. पण विश्वास म्हणाल तर कधीच नव्हता. मी मूळची भंडाऱ्याकडची. गावात कुणाला काही दिसलं म्हणे, की मी म्हणायची, "उपाशी असेल, जेवायला द्या." आठवीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मामेबहीण इथं कामाला होती, तिनं मला आणलं. तिचं लग्न होऊन ती गेली, मी राहिले. कागदावर मीसुद्धा स्वयंसेविकाच. जेवण आहे, डोक्यावर छप्पर आहे, माणसं चांगली आहेत. उपकारच आहेत त्यांचे. पण दुसरीकडे जायला जागा नसली की माणूस कायम भीत भीत राहतो... आपल्या हातून काही चुकलं तर?

आमची संस्था नळदुर्ग सोडून उमरग्याकडे जाताना हायवेच्या थोडी आत आहे. ट्रकांचा आवाज दिवसभर. बाळांना त्याची इतकी सवय, की तो थांबला तर दचकून उठतील. पुढे मोठा हॉल, मधे स्वयंपाकघर, मागे न्हाणी. माझ्याकडे रांगणारी आणि त्याहून लहान मुलं. त्यांना न्हाऊ घालायचं काम माझं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळाला निजवायचं, तेल, मग पाणी. एक झालं की दुसरं. शेवटच्या बाळापर्यंत कंबर राहत नाही.

हे मला शमीमखालानं शिकवलं. खाला नळदुर्गची, इथली सगळ्यात जुनी. ती म्हणायची, "परत्येक लेकराचं वजन येगळं असतंय पोरी. काट्यावरचं न्हाय, पायावरचं. कोण आंग सोडून देतंय, कोण धरून ठिवतंय. डोळं मिटून वळखाया यायला पायजे." मला वाटायचं, म्हातारी फुशारकी मारते. पण काही महिन्यांत मला खरंच ओळखू यायला लागली.

सई तर सगळ्यात आधी. ती दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, आमच्याकडे आली तेव्हा ओंजळीएवढी होती. थेंब थेंब दूध पाजून वाढवलेली. वर्षाची होत आली तरी अंगावर मांस असं नाहीच. तिची एक खोड होती. पायावर घेतली की डावी टाच माझ्या गुडघ्याच्या वाटीवर गच्च रोवायची. पाणी संपेपर्यंत काढायची नाही. जणू मी तिला टाकून उठेन...

हानाताईलाही हे शिकायचं होतं. पहिल्या दिवशी ती पाटावर बसली, तिचे पाय न्हाणीच्या दारापर्यंत गेले. खाला म्हणाली, "या बया! हिच्या पायावर तर दोन लेकरं एकदम मावत्यात. लाईन लावा गं!" हानाताईला काही कळलं नाही, पण सगळ्यात जास्त तीच हसली. खाला मला पण सोडायची नाही. मी "काय करून राहिली खाला?" म्हटलं की ती माझी नक्कल करायची, "भाकरी करून राहिली बाई, भंडारेवाली!"

तर त्या दिवशी वाढदिवस होता. आमच्या मुलांपैकी कुणाचा नाही, बाहेरच्या एका कुटुंबातल्या मुलाचा. आपल्याकडे पद्धतच आहे ना, लेकराचा वाढदिवस अनाथाश्रमात करायचा. माणसं भली होती. केक आणला, खाऊ आणला, हॉलभर फुगे लावले. त्यांच्या गडबडीत बाळांचं न्हाणं राहिलं. नुसतं ओल्या फडक्यानं पुसून कपडे घातले. मोठी मुलं फुगे फोडायला लागली तशी खाला ओरडली, "फटाके फोडायचे तर तेरखेड्याला जावा! हितं लेकरं दचकत्यात!" पाहुणेसुद्धा हसले. फोटो झाले, ते गेले. आम्ही हॉल झाडून घेतला, बाळांना चटईवर निजवलं. खाला हानाताईला भाकरी शिकवायला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी लंगोट धुवायला न्हाणीत आले.

खरं सांगते, अंगात जीव नव्हता. आदल्या रात्री दोन बाळांना ताप होता, झोप नाही. बादली भरेपर्यंत भिंतीला टेकून बसले, पाय लांब केले.

आणि पायावर वजन आलं.

डोळे उघडे होते माझे. नळाची धार दिसत होती. पायावर कुणी नव्हतं. पण वजन होतं... आणि ते सईचं होतं. अंग धरून ठेवलेलं, हलकं, हाडं लागणारं. नडगी ओली, कोमट लागत होती. मग गुडघ्याच्या वाटीवर टाच रुतली. डाव्या बाजूची.

मी घाबरले नाही, हे मला आजही नवल वाटतं. मी हातसुद्धा पुढे केला, पाठीवरून फिरवायला. हाताला काही लागलं नाही. मग ते वजन कमी व्हायला लागलं. एकदम नाही. हळूहळू, झोपलेलं बाळ कुणी अलगद उचलून नेतं ना, तसं. टाच सुटली. तेव्हा मात्र नळ तसाच सोडला. मी कशी उठले, कशी पळाले, माहीत नाही.

हॉल शांत होता. सगळी झोपलेली. सई चटईच्या टोकाला, भिंतीपाशी. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही. ओठ निळे.

आणि मी काय केलं? काहीच नाही. उचलून धरली आणि "हानाताई... हानाताई..." एवढंच. हानाताई पिठाच्या हातानं धावत आली. एक क्षण बघितलं तिनं, सईला माझ्याकडून घेतलं, हातावर पालथी केली, डोकं खाली, आणि पाठीवर तळव्यानं मारायला लागली. जोरात. मला वाटलं, मोडेल ते पोर. खाला म्हणत होती, "या अल्ला, या अल्ला..." हानाताई थांबली नाही. आणि सईच्या तोंडातून गुलाबी फुग्याचा चिंधीएवढा तुकडा बाहेर पडला. मग ती रडली. मोठ्यांदा, संतापून. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

संस्था चालवणाऱ्या मॅडमनी गाडी काढली, सईला आणि मला उमरग्याला डॉक्टरांकडे नेलं. सई ठीक होती. येताना मॅडमनी विचारलं, "तुला कळलं कसं? आवाज आला?"

"नाही मॅडम. पायाला कळलं." मग सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "थकली आहेस. आज लवकर झोप." मला वाटलं, आता काढून टाकतील. तसं काही झालं नाही. फुगे मात्र त्या दिवसापासून बंद.

खालाच्या जिभेला हाड नाही, पण हे ऐकून तीही हसली नाही. वाकून माझ्या सलवारीला नडगीपाशी हात लावला. "कोरडी हाय की," म्हणाली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पर लेकरू आलतं."

हानाताईनं फोनवर मराठी करून दाखवलं : मला समजत नाही. पण तू पळालीस, ते बरं केलंस.

मी खूप विचार केलाय. नस दबली असेल. बसल्या बसल्या डोळा लागला असेल. पण डोळे उघडे होते. काही ऐकू आलं असेल म्हणावं, तर घशात काही अडकलेलं पोर आवाज करत नाही, आणि मधे अख्खं स्वयंपाकघर. तिथल्या दोघींना काही कळलं नाही. आणि समजा सगळा भास होता, तर ते वजन कमी कमी का होत गेलं? हे मला कुणी सांगावं. पुन्हा तसं कधी झालं नाही. तरी अजून दुपारी पाय लांब करून बसायची भीती वाटते, आणि बसल्याशिवाय राहवतही नाही.

हानाताई तिच्या देशात परत गेली. परवा तिचा मेसेज आला. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, ती एकटीच सगळं करते, उचलून उचलून पाठ धरलीय. खाली तिनं विचारलं होतं, सई चालायला लागली का?

हो ताई, लागली. भिंत धरून.

पासपोर्ट कसा काढतात तेसुद्धा मला माहीत नाही. पण उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, रात्र जागायची, हे मला येतं. तू तेव्हा पिठाच्या हातानं आलीस. मी येईन ताई. उशीर लागेल, पण येईन, आणि तुझ्या वडिलांना सांभाळीन. तू तेवढे दिवस झोप.