लीड्सचा इंटरव्ह्यू आणि हळदीचा डाग

"नुसते मार्क नाही गं पाहत इथे. इंटरेस्ट दाखवायला लागतो," साठेकाकू लंडनमधल्या आमच्या ईलिंग रोडवर मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या आणि माझी झोप उडाली. त्यांचे दोन्ही मुलगे इथेच शिकलेत, त्यामुळे या विषयात काकूंचा शब्द शेवटचा.

आमची मुक्ता सतरा वर्षांची. तिला शिकायचं होतं रंगांचं रसायनशास्त्र, म्हणजे कापडाला रंग कसा चढतो, का टिकतो, का विटतो. असा कोर्स फार थोड्या ठिकाणी, आणि बाईसाहेबांना हवा होता लीड्सचाच. इंटरव्ह्यूचं पत्र आलं. पण पोरगी मुलखाची अबोल! ही कसला इंटरेस्ट दाखवणार, कपाळ? मग मीच बसून चौदा प्रश्न लिहून काढले आणि तिच्याकडून पाठ करून घेतले.

"आई, ह्याची उत्तरं प्रॉस्पेक्टसमध्ये आहेत."

"असू देत. विचारलं की इंटरेस्ट दिसतो."

निघायच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे बाथरूमचं बेसिन ब्लीचने घासलं. त्यावर कसले तरी पिवळे-तांबडे डाग पडायचे आणि माझी हळदही हल्ली भराभर संपायची. पण जाताना कटकट नको म्हणून गप्प बसले.

नोव्हेंबरातली सकाळ, बाहेर मिट्ट काळोख. वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून लीड्सची ट्रेन, अडीच तास. जाणार असाल तर तिकिटं इंटरनेटवर आधी काढा, आयत्या वेळी स्टेशनवर काढलीत तर डोळे पांढरे होतात. आणि डबा न्याच. मी पोळी आणि बटाट्याची भाजी घेतली होती, शिवाय प्लॅस्टिकच्या डबीत साबणाची वडी. परक्या ठिकाणचा साबण मला चालत नाही, हसायचं तर हसा.

लीड्सला उतरलो तर वारा असा की ओढणी थेट डोक्यावर. युनिव्हर्सिटी चढावर आहे. चालत वीस मिनिटं लागतात, पण आम्ही बस घेतली. बसड्रायव्हर मला म्हणाला, "देअर यू गो, लव्ह!" वीस वर्षांच्या संसारात हे मला घरी ऐकायला मिळालेलं नाही. लीड्स मला तिथेच आवडलं.

डिपार्टमेंट दाखवायला एक विद्यार्थिनी आली. मुक्ता गप्प. मग मीच सुरू केलं, "तिला विचारायचंय की लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते?" दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. चौथ्याला मुक्ताने माझी बाही ओढली.

"आई, प्लीज. तू इंटरव्ह्यू देते का?"

मला राग आला. तिच्यासाठीच तर चाललं होतं ना सगळं!

इंटरव्ह्यूला अर्धा तास होता. उपाशी पोटी कुठे जाणार, म्हणून कॉरिडॉरमधल्या बाकावर डबा उघडला. झाकण घट्ट बसलं होतं. मी जोर लावला आणि भाजीचं तेल उडालं ते थेट मुक्ताच्या पांढऱ्या शर्टावर, छातीपाशी. मी तिला धरून टॉयलेटमध्ये नेलं आणि डबीतला साबण खसाखसा चोळला. डाग लालभडक झाला! अहो, हळदीला चुना लावून कुंकू होतं हे लहानपणापासून पाहत आले, आणि ऐन वेळी डोकं कुठे गेलं देव जाणे.

"कोट घालून बस," मी रडवेली.

"आत हीटर असतो, आई." आणि ती चक्क हसत होती.

दार बंद झालं. दाराला काच होती, पण आवाज येत नव्हता. सतरा वर्षांत पहिल्यांदाच ती काय बोलतेय ते मला कळत नव्हतं. प्रोफेसरबाई, पिकल्या केसांच्या, तिच्या डागाकडे बोट दाखवत होत्या. संपलं सगळं, मी म्हटलं. पण मुक्ता बोलायला लागली. हातवारे करून! बाई उठून बाहेर आल्या, पँट्रीतून व्हिनेगरची बाटली घेऊन परत गेल्या. मुक्ताने डागावर थेंब टाकले आणि लाल डाग पुन्हा पिवळा झाला. वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू पाऊण तास चालला.

शेवटी बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही कोणता साबण वापरता?"

चौदा प्रश्नांची तयारी करून आलेल्या मला या एका प्रश्नाचं उत्तर सुचेना. मी डबीच पुढे केली.

परतीच्या ट्रेनमध्ये थंड पोळी खाताना मी विचारलं, "एवढं कुठे शिकलीस गं?"

"घरी. बेसिनमध्ये. हळद, बीट, कांद्याची सालं. चिंध्यांवर करून बघते. साबणाने लाल, लिंबाने परत पिवळा. उन्हात ठेवला की उडूनच जातो."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तू ओरडली असती. हळद संपवते म्हणून."

ओरडलेच असते. मी डब्यातली उरलेली पोळी तिच्या हातात ठेवली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, ठरलेले ग्रेड मिळाले की लीड्सची जागा तिची. मी तिला मिठी मारली आणि दोघी रडलो. तो शर्ट अजून खिडकीत टांगलाय. वेम्बलीच्या हिवाळ्यात ऊन कुठलं, डाग आहे तसाच आहे. मुक्ता रोज वहीत नोंद करते आणि मी आता खिडकीच्या वाटेला जात नाही.

परवा ईलिंग रोडवर साठेकाकू भेटल्या. "मग? कसा दाखवला शेवटी इंटरेस्ट?"

म्हटलं, "काकू, तो आमच्या बेसिनभर दिसत होता. मीच दर आठवड्याला घासून काढत होते."